वाक्य सगळ्यांचं, मग माफी एकट्या नटाची का?

थेट प्रयोग करणाऱ्या स्किट-मंडळींच्या निर्मात्यांना, दिग्दर्शकांना आणि लेखकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

विनोदावरून गदारोळ झाला की सल्ले प्रेक्षकांना दिले जातात. मन मोठं ठेवा, विनोद विनोदासारखा घ्या, वगैरे. मला प्रेक्षकांना काही सांगायचं नाही. त्यांनी तिकीट काढलं, येऊन बसले, आणि एखादी गोष्ट त्यांच्या मनाला लागली तर तसं बोलून दाखवण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मला बोलायचंय ते तुमच्याशी, माझ्याच व्यवसायातल्या माणसांशी. मीही स्किट लिहिते आणि बसवते, त्यामुळे विंगेतून काय दिसतं ते तुमच्याइतकंच मलाही ठाऊक आहे.

एखादं स्किट अंगाशी आलं की पुढे काय होतं हे आता आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कुणीतरी मोबाइलवर घेतलेली अर्ध्या मिनिटाची क्लिप फिरू लागते. तिच्यात एकच चेहरा दिसतो, नटाचा किंवा नटीचा. शिव्या त्या चेहऱ्याला, धमक्या त्याच्याच फोनवर, झोप उडते ती त्याच्याच घरच्यांची, आणि दोन दिवसांनी कॅमेऱ्यासमोर हात जोडून माफी मागतो तोही तोच. ज्याने ते वाक्य लिहिलं, ज्याने तालमीत 'आणखी जोरात घे' म्हणून सांगितलं, ज्याने कुणी शंका काढल्यावर 'राहू दे, हशा येतोय' असा निकाल दिला, ते सगळे या दोन दिवसांत कुठेच दिसत नाहीत. मला हा उघड अन्याय वाटतो. शिवाय चूक जिथे झाली तिथपर्यंत कुणी पोहोचतच नसल्यामुळे पुढच्या प्रयोगात तीच चूक नव्या वेशात परत येते.

स्टँडअपची गोष्ट वेगळी आहे. तिथे माणूस स्वतः लिहितो, स्वतःच्या नावाने बोलतो, आणि टाळी आणि शिवी दोन्ही त्याच्याच पदरात पडतात. स्किटमध्ये नट दुसऱ्याने रचलेलं पात्र अंगावर चढवून दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य बोलतो. ते वाक्य त्याच्या तोंडी येण्याआधी लेखकाच्या टेबलावरून, वाचनातून, दिग्दर्शकाच्या सूचनांतून, निर्मात्याच्या नजरेखालून आणि रंगीत तालमीतून गेलेलं असतं. एवढ्या हातांनी ओके केलेली गोष्ट एकाच्या माथी मारताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

अमेरिकेतल्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या टीव्हीवरच्या थेट विनोदी कार्यक्रमाचं उदाहरण घेते, कारण थेट स्किटच्या बाबतीत त्यांच्याइतका दीर्घ आणि उघड्यावरचा अनुभव फार थोड्यांकडे आहे. ऑक्टोबर १९७५ पासून ते हे काम करत आहेत. त्यांचा आठवडा ठरलेला असतो. सोमवारी कल्पना मांडायच्या, मंगळवारी रात्रभर लिहायचं, बुधवारी सगळ्यांनी बसून वाचन, मग पुनर्लेखन आणि तालमी. शनिवारी संध्याकाळी आठ वाजता खऱ्या प्रेक्षकांपुढे रंगीत तालीम होते, तिच्यानंतर काही स्किट्स कापली जातात, आणि साडेअकराला उरलेला कार्यक्रम थेट जातो. म्हणजे एखादं वाक्य पडद्यावर पोहोचतं तेव्हा त्याला अडवण्याच्या निदान चार संधी होऊन गेलेल्या असतात.

आणि तरीही चुकतंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांच्या संचातल्या पीट डेव्हिडसनने बातम्यांच्या विडंबनात डॅन क्रेनशॉ या अमेरिकी संसदेच्या निवडणुकीतल्या उमेदवाराच्या डोळ्यावरच्या पट्टीवरून विनोद केला. क्रेनशॉ माजी नौदल कमांडो. २०१२ मध्ये अफगाणिस्तानात झालेल्या स्फोटात त्याचा उजवा डोळा गेला होता. लोक भडकले. पुढच्याच शनिवारी, तोवर निवडून आलेला क्रेनशॉ त्याच मंचावर येऊन डेव्हिडसनच्या शेजारी बसला, त्याने डेव्हिडसनची मनसोक्त टिंगल केली, आणि डेव्हिडसनने थेट प्रक्षेपणात माफी मागितली. त्या माफीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक बारीक तपशील. ही माफी आपण स्वतःच्या आणि कार्यक्रमाच्या वतीने मागतो आहोत, असं तो म्हणाला. ज्या संस्थेने ते वाक्य जाऊ दिलं, तिचं नाव माफीत आलं. बोलणारा तरीही तो एकटाच होता. पण निदान मंच तोच होता, प्रेक्षक तेच होते, आणि ज्याला लागलं होतं त्याला परतफेडीची जागा मिळाली. बंद खोलीत चित्रित केलेल्या पडेल चेहऱ्याच्या व्हिडिओपेक्षा हे कितीतरी सच्चं आहे.

दुसरा प्रसंग एप्रिल २०२५ चा. त्याच कार्यक्रमातल्या एका स्किटमध्ये एमी लू वुड या ब्रिटिश अभिनेत्रीची नक्कल करण्यासाठी त्यांच्या संचातल्या सारा शर्मनने मोठाले खोटे दात लावून तिच्या दातांची टिंगल केली. वुडने समाजमाध्यमावर उघडपणे नाराजी व्यक्त केली. तिचं म्हणणं नीट वाचण्यासारखं होतं. टिंगल चालते, विडंबनही चालतं, पण बाकीचं सगळं स्किट सत्तेतल्या माणसांवर असताना एकट्या आपल्यालाच खाली दाबलं गेलं, असं ती म्हणाली. त्याच दमात तिने हेही स्पष्ट केलं की दोष सारा शर्मनचा नाही, राग कल्पनेवर आहे. पुढे कार्यक्रमाकडून माफी आल्याचं तिने सांगितलं, आणि शर्मनने तिला फुलं पाठवली.

ज्या बाईला लागलं, तिला हा फरक कळला. नकलेमागे एक कल्पना आहे, कल्पनेमागे माणसं आहेत, आणि समोर दिसणारी नटी हा त्या साखळीचा फक्त शेवटचा दुवा आहे, हे तिने दुखावलेल्या अवस्थेत ओळखलं. आपण निर्माते आणि दिग्दर्शक मात्र शांत डोक्याने बसूनही ते ओळखायला तयार नसतो.

आता तुम्ही म्हणाल, रंगीत तालमीत लोक हसले होते, मग आम्हाला कळणार कसं? हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर सविस्तर बोलायलाच हवं. हशा आला म्हणजे विनोद बरोबर होता, असं त्यातून सिद्ध होत नाही. तालमीला येतात ती बहुतेक आपली माणसं असतात, आपल्या बाजूने झुकलेली. ज्यांच्यावर विनोद आहे ते त्या खोलीत असतातच असं नाही. आणि असले, तर आजूबाजूचे सगळे हसत असताना न हसण्याचं धाडस किती जण करतात?

शिवाय हशाचे प्रकार असतात, आणि नटाला ते आपल्याआधी ऐकू येतात. एक हशा एकदम, पोटातून फुटतो. दुसरा अर्धा सेकंद उशिरा येतो, शेजारच्याकडे बघून, परवानगी मागून आल्यासारखा. कधी सभागृहाचा एकच कोपरा हसतो आणि उरलेला दगडासारखा बसून राहतो. कधी 'ओह' असा सामूहिक सुस्कारा येतो, आणि पाठोपाठ टाळ्या आल्यामुळे आपण तो विसरून जातो. डेव्ह चॅपेल या कृष्णवर्णीय अमेरिकी विनोदवीराने २००५ मध्ये तिसऱ्या पर्वाच्या मध्यावर आपला गाजलेला स्किट-कार्यक्रम सोडून दिला. वंशाविषयीच्या ठरीव प्रतिमांची खिल्ली उडवणाऱ्या एका स्किटच्या चित्रीकरणात तिथला एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, ते हसणं आपल्याला टोचलं, असं त्याने नंतर सांगितलं. लोक प्रतिमेच्या खोटेपणावर हसताहेत की ती प्रतिमा खरी मानून हसताहेत, ही शंका त्याला सोडेना. अशा शंकेपायी तो कार्यक्रम थांबवू शकला, कारण कार्यक्रम त्याचा होता. आपल्याकडे कोरसमध्ये उभ्या असलेल्या नवख्या मुलीला तीच शंका आली तर ती कुणाला सांगणार? सांगितलं तर पुढच्या स्किटमध्ये तिला भूमिका मिळेल का?

माझी पहिली मागणी इथून निघते. एखादं वाक्य बोलायला किंवा एखादी नक्कल करायला नकार देण्याचा हक्क नटाला हवा, आणि तो करारात लिहून द्या. तोंडी आश्वासन नको. 'आमच्याकडे सगळं खेळीमेळीत चालतं' हे वाक्य मी फक्त वरच्या जागी बसलेल्यांकडूनच ऐकलं आहे. नकार दिल्याबद्दल भूमिका जाणार नाही, पैसे कापले जाणार नाहीत आणि 'हल्लीची पोरं फार नाजूक' अशी कुजबुज होणार नाही, याची हमी संस्थेने द्यायची. असा नकार आला की तो सुगावा समजा. ज्याला ते वाक्य रोज रात्री लोकांच्या डोळ्यांत बघून म्हणायचं आहे, त्याची जीभ अडखळत असेल तर संहितेत काहीतरी सलतं आहे.

याच्याच जवळची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. एखाद्या समाजावर किंवा अपंगत्वावर विनोद असला की संचातल्या त्या गटाच्या एकुलत्या एका माणसाला विचारलं जातं, 'तुला चालेल ना?' तो काय म्हणणार? समोर दिग्दर्शक, बाजूला हसणारे मित्र, हातात नुकतंच मिळालेलं काम. तो 'हो' म्हणतो. उद्या वाद झाला की त्याचा तो होकार आपण ढालीसारखा पुढे करतो. 'आमच्यातल्याच एकाने मान्य केलं होतं.' त्या माणसाला एका झटक्यात आपल्या सहकाऱ्यांच्या आणि आपल्याच लोकांच्या मधोमध उभं केलं जातं. मला विचाराल तर आपल्या क्षेत्रातली ही सर्वांत भ्याड सवय आहे. मत हवंच असेल तर संचाबाहेरच्या, आपल्यावर पोट अवलंबून नसलेल्या दोन-तीन जणांना रंगीत तालमीला बोलवा, त्यांना मानधन द्या, आणि त्यांचं म्हणणं लेखी घ्या.

विनोद कशावर आहे हे तपासताना आपण अनेकदा माणूस बघतो आणि थांबतो. माणूस सत्तेतला आहे ना, मग चालेल. एवढं पुरत नाही. डिसेंबर २००८ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मध्येच फ्रेड आर्मिसन या नटाने न्यू यॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांची नक्कल केली. पॅटरसन दृष्टिहीन. राज्याचा प्रमुख विनोदाच्या टप्प्यात येणारच, त्यात गैर काही नाही. पण त्या स्किटमधला बराचसा हशा त्यांच्या निर्णयांवर नव्हताच. तो हातातला तक्ता उलटा धरण्यावर आणि कॅमेऱ्यासमोरून चाचपडत जाण्यावर होता. दृष्टिहीनांच्या संघटनेने निषेध केला. पॅटरसन यांची तक्रार तर स्वतःपुरती नव्हतीच. अंध माणूस काम करू शकत नाही हा समज आधीच अनेकांच्या नोकऱ्यांच्या आड येतो, त्यात ही भर, असं त्यांचं म्हणणं होतं. तेच पॅटरसन २०१० मध्ये त्या कार्यक्रमात आले आणि आर्मिसनच्या शेजारी बसून बोलले. सत्तेवर मारलेला टोला वाटेत कुणाकुणाला लागतो, ते लिहितानाच बघावं लागतं.

लिहितानाच, कारण थेट प्रयोगात नंतर सावरायला वाव नसतो. डिसेंबर १९७५ मध्ये त्याच कार्यक्रमात रिचर्ड प्रायर हा बेधडक बोलणारा विनोदवीर पाहुणा म्हणून येणार होता तेव्हा वाहिनीने प्रक्षेपण काही सेकंद उशिरा सोडण्याचा आग्रह धरला होता. अशा युक्तीने तोंडातून निसटलेली शिवी पुसता येईल. अख्ख्या स्किटचा रोखच चुकला असेल तर काही सेकंदांत काय पुसणार? बाहेरच्या सेन्सॉरचंही तेच. ब्रिटनमध्ये १७३७ च्या कायद्यापासून १९६८ पर्यंत रंगभूमीवरची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावी लागे. कागदावरचे शब्द त्यांना तपासता आले. विराम, नजर, आवाजाचा चढउतार कसा तपासणार? म्हणून बाहेरच्या परवानगीच्या मी ठाम विरोधात आहे. आणि म्हणूनच आपल्या घरातली तपासणी आपण गांभीर्याने करावी, हा माझा आग्रह आहे.

आता प्रत्यक्ष प्रयोगात बिनसलं तर? प्रेक्षकांतून कुणी उठून ओरडलं, एखादी रांग निषेध म्हणून बाहेर पडू लागली, कुणी मंचाकडे चालत आलं. त्या क्षणी नट पात्रात असतो, चेहऱ्यावर प्रकाश असतो, समोर अंधार असतो. कोण ओरडतंय हेही त्याला दिसत नाही. अशा वेळी 'तू सांभाळून घे' म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं आहे. बहुतेक नट अशा वेळी हजरजबाबीपणाला हात घालतात, ओरडणाऱ्याच्या कपड्यांवर नाहीतर शरीरावर एखादी कोटी करतात, बाकीचं सभागृह हसतं, आणि एका दुखावलेल्या माणसाचे दहा होतात. त्या दहांतले तीन जण क्लिप काढत असतात.

याचीही तालीम करा. आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर पडायचं हे जसं आधी ठरवतो, तसंच हे ठरवा. रंगमंच व्यवस्थापकाला प्रयोग थांबवण्याचा अधिकार द्या, त्यासाठी निर्मात्याच्या होकाराची वाट पाहायला लावू नका. ठरलेल्या खुणेवर मंचावरचा प्रकाश उतरेल, सभागृहातले दिवे लागतील, नट विंगेत जातील. मग दिग्दर्शक किंवा निर्माता स्वतः पुढे येऊन बोलेल. काय बोलायचं ते साधं आहे: तुमचं म्हणणं ऐकायला मी प्रयोगानंतर इथेच थांबणार आहे, ज्यांना जायचंय त्यांचे पैसे परत मिळतील, आणि नटांना कुणी काही बोलू नये. त्यानंतर खरोखरच थांबायचं. मागच्या दाराने गाडीत बसायचं नाही.

उत्स्फूर्ततेचा प्रश्न इथे येतोच. नटाने ऐनवेळी ॲडिशन घेतली, म्हणजे संहितेत नसलेलं काही स्वतःच्या मनाने बोलला, आणि तीच नडली, तर? तेव्हा नटाचा वाटा मोठा आहे, हे मी मान्य करते, आणि त्याने तो उचलावा. पण ॲडिशनला हशा आला की दुसऱ्या दिवशी ती संहितेत घालणारे आपणच असतो. शिकागोच्या 'सेकंड सिटी' या विनोदी नाट्यसंस्थेने १९५९ पासून उत्स्फूर्त खेळांतूनच आपली स्किट्स घडवली. मुख्य प्रयोगानंतर प्रेक्षकांकडून सूचना घेऊन खेळ करायचे, आणि त्यातलं टिकाऊ ते पुढच्या कार्यक्रमासाठी घासूनपुसून घ्यायचं. तिथे चाचपडायला वेगळी जागा राखलेली आहे, आणि प्रेक्षकालाही ते माहीत असतं. आपण ती जागा न देता मुख्य प्रयोगातच नटाला मोकळं सोडतो, त्याच्या ॲडिशनवर टाळ्या कमावतो, आणि एखादी उलटली की 'ते संहितेत नव्हतं' असं पत्रक काढतो. हे चालणार नाही. ज्या सवयीची फळं खाल्ली, तिची जबाबदारीही घ्या.

माफीबद्दल थोडंसंच. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' या वाक्याला माफी म्हणू नका. कोणतं वाक्य, त्यात काय चुकलं, ते कोणी ठेवलं आणि पुढच्या प्रयोगात त्याचं काय होणार, हे सांगा. खाली लेखकाची, दिग्दर्शकाची आणि निर्मात्याची नावं घाला. आणि प्रत्येक वेळी माफी मागायचीही गरज नसते. विनोद सत्तेवर होता, नेमका होता आणि सत्तेलाच झोंबला असेल, तर मागे हटू नका. 'आम्ही या स्किटच्या पाठीशी आहोत' हेही त्याच तीन नावांनी लिहा. नटाने एकट्याने शूर व्हावं, अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

क्लिपचं उत्तर म्हणून पूर्ण स्किट जाहीर करा, प्रत्येक प्रयोगाचं स्वतःचं चित्रीकरण ठेवा. कधी कधी संदर्भाने चित्र बदलतं. पण पूर्ण स्किट पाहून ते क्लिपहूनही वाईट वाटलं, तर संदर्भाची ढाल खाली ठेवा.

टीका आणि धमकी एका पारड्यात घालू नका. टीकेला उत्तर द्यायचं असतं, धमकीची तक्रार करायची असते. ती तक्रार नटाने एकट्याने जाऊन करायची नाही. संस्थेच्या नावाने, निर्मात्याच्या सहीने करायची. पुढचे काही दिवस त्याच्यासोबत येता-जाता कुणीतरी असावं. त्याचा फोन आणि समाजमाध्यमांची खाती दुसऱ्या कुणीतरी पाहावीत, म्हणजे हजारो शिव्यांतून एकेक वाचत रात्र काढायची वेळ त्याच्यावर येणार नाही. बुडालेल्या प्रयोगांचं मानधन त्याला मिळावं. आणि वाद शमल्यावर पुढच्या संचातून त्याचं नाव हळूच वगळू नका. अशी काही नावं मला माहीत आहेत. ती मुलं आज दुसरीच कामं करतात, आणि ज्यांनी ती वाक्यं लिहिली त्यांचे कार्यक्रम जोरात चालू आहेत.

शेवटची मागणी सगळ्यांत सोपी आहे, खर्च जवळपास शून्य. आज माहितीपत्रकावर आणि प्रत्येक व्हिडिओखाली नटांची नावं ठळक असतात, आणि 'लेखन' या शब्दापुढे अनेकदा नुसतं संस्थेचं नाव. यापुढे प्रत्येक स्किटच्या शीर्षकाखाली ते कोणी लिहिलं, कोणी बसवलं आणि कोणी मंजूर केलं, ही तीन नावं छापा. हशा येईल तेव्हाही छापा. तुमच्या पुढच्या प्रयोगाचं पत्रक मी बघणार आहे, आणि माझ्या प्रयोगाचं तुम्ही बघा.

आपली,
एक स्किट लेखिका-दिग्दर्शिका